शेजार

[पडद्यावर: सकाळचं कोवळं ऊन. उंच खिडक्यांतून आलेला उजेडाचा पट्टा लाकडी जमिनीवरून सरकत भिंतीवरच्या एका चौकटीपाशी पोहोचतो.]

ही चौकट जवळून बघा. आत खणच खण आहेत, कुठे मोठे, कुठे बोटाच्या पेराएवढे. जुन्या छापखान्यातली ही खिळ्यांची केस. खिळे म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे. जुळारी या केससमोर उभा राहायचा, एकेक खिळा उचलायचा आणि ओळ जुळवायचा. मधला हा सगळ्यांत मोठा खण इंग्रजी ‘ई’ अक्षराचा. इंग्रजी मजकुरात हे अक्षर सर्वांत जास्त वेळा येतं, म्हणून त्याला ऐसपैस जागा, आणि तीही हाताशी. ‘क्यू’ क्वचितच लागतो. त्याच्या वाट्याला कडेचा चिमुकला खण.

आज ‘ई’च्या खणात आमच्या लेकीनं गोळा केलेले खडे आहेत. ‘क्यू’च्या खणात एकच काचेची गोटी. ही वाटणी तिनंच केली. केस भिंतीवर चढवण्याआधी आम्ही मात्र प्रत्येक खण ओल्या फडक्यानं पुसून काढला आणि वर लाखेचा पातळ हात दिला. खिळे शिसं, कथिल आणि अँटिमनीच्या मिश्रधातूचे असत, आणि शिशाची धूळ लाकडाच्या फटींत वर्षानुवर्षं बसून राहते. जुनी वस्तू घरात येते तेव्हा तिचा जुना धंदाही तिच्याबरोबर येतो.

[पडद्यावर: कॅमेरा मागे येतो. संपूर्ण लॉफ्ट दिसतं.]

आपण लॉफ्ट म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा माळा डोळ्यांसमोर येतो, ट्रंका आणि गाद्या टाकायचा. हे ते लॉफ्ट नाही. हा एका जुन्या कारखान्याचा अख्खा मजला आहे. उंच छत, लोखंडी खांब, आत एकही भिंत नाही.

एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंडाचे खांब आले आणि इमारतीचा भार पेलण्याचं ओझं भिंतींवरून कमी झालं. मजले मोकळे झाले, खिडक्या मोठ्या झाल्या. विजेचे दिवे येण्याआधी कामगारांचं सगळं काम दिवसाच्या उजेडावर चालायचं, त्यामुळे एवढ्या खिडक्या ही चैन नव्हती, गरज होती. पुढे कारखाने शहराबाहेर गेले आणि हे मजले ओस पडले. न्यूयॉर्कच्या सोहो भागात चित्रकार आणि शिल्पकार अशा जागांत शिरले. तिथं राहायला कायद्यानं परवानगी नव्हती, तरी राहिले. १९७१ साली शहरानं कलाकारांपुरती ती परवानगी दिली.

म्हणजे ही जागा यंत्रांच्या मापानं बांधलेली. माणसाच्या हातात मावणारी वस्तू इथं ठेवली की हरवून जाते.

राहायला आलो तेव्हा आमच्याकडून पहिली चूक तीच झाली. होत्या नव्हत्या त्या सगळ्या वस्तू चारी भिंतींच्या कडेनं सारख्या अंतरावर मांडल्या. जागा भरपूर आहे तर वापरू या, असं वाटलं. आठवडाभरानं बघितलं तर प्रत्येक वस्तू रिकाम्या फलाटावर लांब लांब उभ्या असलेल्या प्रवाशांसारखी दिसत होती. कुणाचा कुणाशी संबंध नाही. मग सगळं उचललं, जमिनीवर एक मोठी चादर पसरली आणि मधोमध ढीग घातला. पुढचे कित्येक दिवस आम्ही त्या ढिगाभोवती बसून होतो.

दुकानातून आणलेलं सामान संचानं येतं. सोफ्याबरोबर त्याचं टेबल, टेबलाबरोबर त्याचा दिवा. जमवलेली वस्तू मात्र एकटी येते. तिला शेजार शोधून द्यावा लागतो. हे माझ्या डोक्यात शिरलं आणि तिथून पुढे काम सोपं झालं असं नाही, पण ते काम आहे तरी काय, एवढं कळलं.

[पडद्यावर: शेल्फवर चपला-बुटांचे सहा लाकडी फर्मे. हातांच्या वापरानं गुळगुळीत झालेलं लाकूड.]

हे बघा, फर्मे. ज्यावर चामडं ताणून बूट घडवतात ते लाकडी साचे. सहा आहेत आणि एकाचीही जोडी पुरी नाही. सुरुवातीला त्यांच्या शेजारी आम्ही लेकीचे पहिले बूट ठेवले होते. येणारा प्रत्येक जण ‘किती गोड’ म्हणायचा. महिन्याभरात मला ते बघवेना. बूट आणि बुटाचा साचा: अर्थ एका क्षणात कळतो आणि तिथंच संपतो. मग एके दिवशी समुद्रकिनाऱ्यावर सापडलेला एक ओंडका सहज तिथं ठेवला गेला, पाण्यानं घासून घासून गोल झालेला. फर्म्याच्या टाचेचा बाक आणि त्या लाकडाचा बाक जवळजवळ एकच. एक बाक माणसानं आणला, दुसरा पाण्यानं. त्या शेल्फपाशी मी आजही थांबते.

माझं मत असं बनलंय की अर्थानं जुळणारा शेजार लवकर जुना होतो. आकारानं, रंगानं, पोतानं जुळणारा शेजार टिकतो.

या बाबतीत ज्या माणसाकडे मी पुन्हा पुन्हा वळते तो म्हणजे जिम ईड. लंडनच्या टेट गॅलरीत त्यानं काम केलं होतं. पुढे केंब्रिजमध्ये पडायला आलेली चार छोटी घरं जोडून त्यानं केटल्स यार्ड हे आपलं घर केलं आणि १९५८ ते १९७३ तो आणि त्याची पत्नी हेलन तिथं राहिले. दुपारी दार उघडं असायचं, विद्यार्थी येऊन बघून जायचे, आणि भिंतीवरचं चित्र काही दिवसांसाठी आपल्या खोलीत लावायला उसनंही न्यायचे. तिथं जोआन मिरो या चित्रकाराचं एक चित्र आहे, त्यात एक पिवळा ठिपका. ईडनं जवळच एका धातूच्या ताटलीत एक लिंबू ठेवलं. ठिपक्याचा पिवळा आणि लिंबाचा पिवळा. ताटलीत आजही लिंबू असतं. त्याच घरात गोल दगडगोट्यांची एक चक्राकार मांडणी आहे, मोठ्यापासून लहानापर्यंत फिरत आत गेलेली. नामवंतांच्या कलाकृती आणि वाटेवर उचललेले दगड, दोघांना एकच मान. १९६६ साली त्यानं ते सगळं घर विद्यापीठाला देऊन टाकलं.

[पडद्यावर: छतापासून खाली येणारी लांब दोरी. टोकाला पितळी ओळंबा.]

उंचीचं काय करायचं, हा वेगळाच प्रश्न. पहिला मोह होतो तो भिंत वरपर्यंत भरण्याचा. तो आवरावा. संग्रहालयांमध्ये चित्राचा मध्य साधारणपणे जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर येईल असं टांगतात, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या रेषेत. छत कितीही उंच असलं तरी माणसाची उंची वाढत नाही. वरची भिंत आम्ही कोरी ठेवली आहे.

पण मधल्या हवेत काही तरी हवं होतं. चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर जोडप्यानं १९४९ साली कॅलिफोर्नियात बांधलेल्या आपल्या घरात, दुमजली उंचीच्या बैठकीत, वाटेत सापडलेलं एक वाळकं झुडूप छताला टांगलं होतं, वाऱ्यावर गडगडत जाणारं असतं तसलं. लोखंड आणि काचेच्या त्या काटेकोर घरात ते भुरभुरीत झुडूप.

आमच्याकडे झुडूप नव्हतं, ओळंबा होता. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला वापरतात तो. तो छताच्या लाकडी तुळईखाली टांगला आणि गंमत अशी झाली की घरातल्या सगळ्या उभ्या रेषा एकदम उघड्या पडल्या. खिडकीची चौकट कललेली, एक खांब किंचित झुकलेला. शंभर वर्षं इमारत बसत गेली आहे, त्याची साक्ष. बाहेरून जड वाहन गेलं की ओळंबा अगदी सूतभर हलतो. घरातली ही एकच वस्तू अशी आहे की जिला कुणाच्या शेजाराची गरज लागली नाही.

[पडद्यावर: दोन ओळींचं शाईचं लिखाण. कागदाच्या कडेला गडद पट्टी, मध्ये फिकट अक्षरं.]

आता एक दुःखाची गोष्ट.

हे माझ्या आजोबांचं पत्र. फाउंटन पेननं, निळ्या शाईत लिहिलेलं. फ्रेम करून आम्ही ते खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं, कारण तिथं उजेड सुंदर येतो. दोन उन्हाळे गेले. एकदा काच पुसायला फ्रेम उतरवली, माऊंटचा पुठ्ठा जरासा सरकला आणि त्याखाली झाकलेली अक्षरं दिसली. गर्द निळी. बाकीचं पत्र राखाडी होऊन गेलं होतं. रोज बघत होतो, म्हणूनच कळलं नाही. मी फ्रेम हातात घेऊन खालीच बसले.

नंतर वाचलं ते असं. कागद, शाई, रंगवलेलं कापड यांच्यासाठी संग्रहालयांत सहसा ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात. लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक. थेट उन्हाचा उजेड एक लाख लक्सपर्यंत जातो. आणि उजेडानं झालेलं नुकसान साठत जातं. रात्री विश्रांती मिळाली म्हणून भरून येत नाही. काचेवर अतिनील किरण अडवणारी फिल्म लावली तर वेग कमी होतो, पण दिसणारा उजेडही रंग खातोच. आता भिंतीवर त्या पत्राची छापील प्रत आहे. मूळ पत्र आम्लरहित कागदात, अंधाऱ्या खणात. खिडकीसमोर आता दगड, काच, चिनी माती आणि ओतीव लोखंड. त्यांना ऊन चालतं.

बाकी काळज्या थोडक्यात सांगते. उंच कपाटं भिंतीला पट्टीनं जखडा, मूल चढणारच. पितळ घासून चकचकीत करण्याआधी दहादा विचार करा, तो तपकिरी थर यायला आयुष्य गेलेलं असतं. जुन्या लाकडाला बारीक भोकं असतील आणि खाली ताजा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे, ती वस्तू आधी बाजूला काढा. अंधारात चमकणारी जुन्या घड्याळाची तबकडी उघडू नका, त्या रंगात रेडियम असू शकतं.

आणि एकदा टाळी वाजवून बघा. विटा, काच आणि लाकूड यांच्यात आवाज आपटत राहतो. पहिल्या महिन्यात आम्ही जेवताना एकमेकांना ‘काय?’ एवढंच विचारत होतो. जाड गालिचा अंथरला, जुनी हातानं शिवलेली रजई भिंतीपासून चार बोटं पुढे टांगली आणि पुस्तकांचं कपाट मध्ये आडवं घातलं, तेव्हा कुठे घरात बोलता यायला लागलं. रजई भिंतीला चिकटवून लावू नका. मागच्या हवेच्या फटीमुळे आवाज जास्त शोषला जातो.

[पडद्यावर: उघडलेला रुंद खण. आत कापडावर ठेवलेल्या वस्तू.]

सगळं एकदम मांडायचं नाही, हे आम्ही जॉन सोन या वास्तुविशारदाकडून घेतलं. लंडनमधल्या त्याच्या घरात चित्रांची एक लहानशी खोली आहे. तिच्या भिंती बिजागऱ्यांवर उघडतात. एक थर उघडला की आत दुसरा, त्यामुळे एवढ्याशा खोलीत शंभराहून जास्त चित्रं मावतात आणि तरी डोळा गुदमरत नाही. हे घर जसं आहे तसंच राखावं असा कायदा त्यानं १८३३ साली संसदेकडून करून घेतला. आमच्या जवळपास निम्म्या वस्तू आज खणात आहेत. त्या वाट बघतात असं मला वाटतं, आणि त्यांची पाळी येते तेव्हा त्या नव्या दिसतात.

पण ‘जसं आहे तसंच’ हे कुटुंबात चालत नाही. न्यूयॉर्कमध्ये शिल्पकार डोनाल्ड जडनं १९६८ साली स्प्रिंग स्ट्रीटवरची पाच मजली इमारत घेतली, १८७० साली बांधलेली, आणि तिथं तो बायको-मुलांसह राहिला. कलाकृती एकदा विचारपूर्वक ठेवली की तिनं तिथंच राहावं, असं त्याचं ठाम मत. मला त्या मताचा आदर आहे. आमच्याकडे ते दोन दिवस टिकलं नसतं.

आमच्या आईचा बटणांचा डबा घ्या. पत्र्याचा, झाकण दाबून उघडायचा. बटणं इतकी देखणी आहेत की ती काचेच्या बरणीत, उजेडात ठेवावीत असं मी सुचवलं. आई म्हणाली, ‘अगं, मला ती लागतात.’ विषय संपला. डबा शिवणयंत्राशेजारी आहे, रोज उघडतो, रोज थोडा बदलतो. त्यानंतर आम्ही एक ठरवलं: प्रत्येकाच्या जागेची मांडणी त्याची, दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. आईचं यंत्र, नवऱ्याचा बंद पडलेल्या रेडिओंचा बाक, लेकीची केस, माझे फर्मे.

[पडद्यावर: संध्याकाळ. दिवे लागलेले. कॅमेरा पुन्हा खिळ्यांच्या केसजवळ.]

हे चित्रण संपवताना केसकडे पुन्हा नजर गेली. ‘क्यू’च्या खणात सकाळी गोटी होती. आता तिथं कोटाचं एक काळं बटण आहे, चार भोकांचं, कडा जराशी झिजलेली.

गोटी आईच्या डब्यात आहे. मी झाकण उघडून बघितलं आणि तसंच लावून टाकलं.