मायकल जॅक्सनच्या नावाची किंमत

मंडळी, आजच्या विषयाची सुरुवात एका कर-विवरणपत्रापासून करू. मायकल जॅक्सन २५ जून २००९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये वारला. अमेरिकेत एवढी मालमत्ता मागे ठेवून माणूस गेला की इस्टेट कर लागतो, आणि त्यासाठी प्रत्येक वस्तूची मृत्यूच्या दिवशीची किंमत मांडावी लागते. त्याच्या नावाची आणि चेहऱ्याची किंमतही मांडावी लागली, म्हणजे टी-शर्टवर, पोस्टरवर, जाहिरातीत ते वापरण्याच्या हक्काची. त्याच्या इस्टेटीनं, म्हणजे मागे राहिलेली मालमत्ता सांभाळणाऱ्या कारभाऱ्यांनी, आकडा लिहिला २,१०५ डॉलर. कर खात्यानं खटल्यात तीच किंमत १६ कोटी १० लाख डॉलर लावली. मे २०२१ मध्ये कर न्यायालयाचे न्यायाधीश मार्क होम्स यांनी ती ४१ लाख ५० हजार डॉलरवर आणून ठेवली.

इतकी कमी का? संगीत दौऱ्याबाहेरचा मोठा जाहिरात-करार त्याला १९९३ नंतर मिळालाच नव्हता. आरोपांनी नाव डागाळलं होतं, आणि हे न्यायालयाला पटवून देणारी बाजू होती खुद्द त्याच्या इस्टेटीची. तीच इस्टेट बाहेर त्याचं नाव निष्कलंक म्हणून विकत होती. दुकानात माल सोन्याचा आणि जकात नाक्यावर पितळेचा! कायद्याच्या दृष्टीनं यात लबाडी नाही. पण या माणसाचा वारसा म्हणजे नेमकं काय, हे त्या एका खटल्यात जितकं उघडं पडलं तितकं त्याच्यावरच्या स्तुतिपर लेखांत पडत नाही.

आता १९९३. त्या ऑगस्टमध्ये तेरा वर्षांच्या एका मुलाच्या तक्रारीवरून लॉस एंजेलिस पोलिसांनी तपास सुरू केल्याचं जाहीर झालं. पुढच्याच महिन्यात मुलाच्या वतीनं दिवाणी दावा लागला. एकाच घटनेवर फौजदारी तपास आणि दिवाणी दावा शेजारीशेजारी चालू होते, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. दिवाणी दाव्यात प्रतिवादीला खटल्याआधी शपथेवर जबाब द्यावा लागतो. तो दिला तर आपला बचाव सरकारी वकिलाच्या हाती आयता पडतो. मौन पाळलं तर दिवाणी दाव्यातला बचाव लंगडा पडण्याची भीती. दिवाणी दावा थांबवून ठेवण्याची विनंती न्यायालयानं फेटाळली. जानेवारी १९९४ मध्ये तडजोड झाली. गुन्ह्याची कबुली नाही, असं कलम त्यात होतं. प्रसिद्ध झालेली रक्कम सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर, त्यातला मोठा भाग मुलाच्या नावानं ट्रस्टमध्ये.

इथे दोन्हीकडचे लोक घसरतात. ‘पैसे दिले म्हणजे केलंच असणार’ हे एक टोक. ‘पैसे घेऊन गप्प बसले म्हणजे खोटंच होतं’ हे दुसरं. दिवाणी तडजोडीनं फौजदारी साक्ष विकत घेता येत नाही. तो मुलगा कायद्यानं साक्ष द्यायला मोकळाच होता. त्यानं ती दिली नाही, आणि सप्टेंबर १९९४ मध्ये सरकारी वकिलांनी आरोपपत्र दाखल करत नसल्याचं सांगितलं. तडजोडीचा कागद खरेखोटेपणाबद्दल काहीच सांगत नाही. दोन्ही बाजूंना खटल्याची जोखीम नको होती, एवढंच त्यातून कळतं.

२००५ चा खटला वेगळा. मुलगा दुसरा, जागा कॅलिफोर्नियातलं सांता मारिया हे गाव. नेव्हरलँड या त्याच्या मळ्यावर नोव्हेंबर २००३ मध्ये छापा पडला, अटक झाली, आणि १३ जून २००५ रोजी निकाल आला: दहा गंभीर आणि चार दुय्यम अशा चौदाही आरोपांतून निर्दोष. फौजदारी खटल्यात बाराच्या बारा ज्यूरींचं एकमत लागतं आणि ‘वाजवी संशयापलीकडे’ सिद्धता लागते. कॅलिफोर्नियाच्या पुरावा कायद्यातल्या एका कलमामुळे न्यायाधीशांनी जुन्या आरोपांचा पुरावाही ज्यूरीपुढे येऊ दिला होता, म्हणजे सरकारी पक्षाचे हात बांधलेले होते असंही नाही. तरी ज्यूरीचं समाधान झालं नाही. हा निकाल पूर्ण आदरानं घ्यावा. पण तो त्या एका फिर्यादीपुरता. त्याला आयुष्यभराचं चारित्र्य-प्रमाणपत्र समजणं ही चाहत्यांची नेहमीची चूक आहे.

आणि एका गोष्टीला तर कोर्टाची गरजच नाही. २००३ च्या टीव्ही मुलाखतीत त्यानं स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगितलं की परक्यांची मुलं आपल्या खोलीत, आपल्या बिछान्यात झोपतात आणि त्यात वावगं काही नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस, दिमतीला पगारी नोकरांची फौज, आणि त्यातल्या कुणाला हे थांबवता आलं नाही. हा आरोप नाही, ही मान्य वस्तुस्थिती आहे. पुढचा सगळा कायदेशीर झगडा याच जागी येऊन ठेपलाय, त्याकडे शेवटी येतो.

आपल्याकडचा संबंध १ नोव्हेंबर १९९६ चा. अंधेरीच्या क्रीडा संकुलात शिवसेनेच्या शिव उद्योग सेना या संस्थेसाठी त्याचा कार्यक्रम झाला. तडजोडीला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. इथे गाजलं ते मुख्यतः दोन मुद्द्यांवर: पाश्चात्त्य संस्कृतीला एरवी विरोध करणाऱ्यांनी त्याला बोलावलंच कसं, आणि युती सरकारनं करमणूक कर माफ केला तो कशाच्या आधारावर. मुंबई ग्राहक पंचायतीनं करमाफीला उच्च न्यायालयात आव्हान दिलं, सव्वातीन कोटींहून थोडी अधिक रक्कम अडकून पडली, आणि ती माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं पुन्हा घेतला तो जानेवारी २०२१ मध्ये. एका रात्रीच्या कार्यक्रमाच्या कराचा वाद चोवीस वर्षं चालला. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न मात्र त्या गदारोळात कडेलाच राहिला, आणि त्याबद्दल मराठी पत्रकारितेनं मागे वळून बघायला हरकत नाही.

कला बाजूला काढून ठेवा, माणसावर बोला, असं सांगणारे भेटतात. ते किती अवघड आहे, हे एका बुटावरून बघू. सरळ उभं राहून, गुडघे न वाकवता, सगळं शरीर पंचेचाळीस अंशांपर्यंत पुढे झुकवायची त्याची एक अदा आहे. व्हिडिओत ती तारांनी बांधून केली होती. रंगमंचावर तार लपवणं अवघड. मग दोन सहकाऱ्यांबरोबर त्यानं खास बूट बनवला. घोटा घट्ट धरणारा, आणि टाचेत खाच असलेला. ठरलेल्या क्षणी रंगमंचाच्या फळीतून खुंटी वर येते. नर्तक पाय पुढे सरकवतो, खाच खुंटीत अडकते, आणि शरीराचा भार पोटरीवर आणि पाठीच्या स्नायूंवर येतो. वेळ क्षणभर चुकली तर खुंटीला ठेच. बूट धरून ठेवतो, पण परत ताठ व्हायला ताकद स्वतःची लागते. या युक्तीचं अमेरिकन पेटंट मिळालं ऑक्टोबर १९९३ मध्ये, म्हणजे तपास ऐन भरात असताना. तेव्हाचा गुन्ह्याचा तपास आणि तेव्हाची ही कारागिरी एकाच माणसाची. शाळेच्या गॅदरिंगमध्ये सॉक्सवर मागे सरकणाऱ्या पोरापासून हे नृत्य आता कुणी काढून घेऊ शकत नाही. घ्यायलाही नको, ते पोरगं कुणाला पैसे देत नाही.

पैसे कुठे जातात ते मात्र नीट समजून घ्या, कारण बहिष्काराची सगळी चर्चा त्यावर उभी आहे. गाण्यात दोन हक्क असतात: रचनेचा, म्हणजे शब्द आणि चालीचा, आणि ध्वनिमुद्रणाचा. स्ट्रीमिंगवर गाणं वाजलं की दोन्हीकडे पैसे जातात. अमेरिकेतल्या साध्या रेडिओवर वाजलं तर फक्त रचनेच्या धन्याला मिळतात, गायकाला गायक म्हणून एक छदामही नाही. आता त्याच्या १९८२ च्या ‘थ्रिलर’ या गाजलेल्या अल्बमचं शीर्षकगीत घ्या. ते लिहिलं रॉड टेम्परटन यांनी. तिथल्या रेडिओनं ते बंद केलं तर आधी फटका बसतो टेम्परटन यांच्या वारसांना. ‘बिली जीन’ त्यानं स्वतः लिहिलं, तिथे हिशेब वेगळा. २०१९ मध्ये आरोपांवरच्या एका माहितीपटानंतर (त्याकडे पुढे येतो) कॅनडातल्या आणि न्यूझीलंडमधल्या काही रेडिओ केंद्रांनी त्याची गाणी थांबवली. निषेध म्हणून ते ठीक, पण कुणाचा खिसा किती हलका झाला हे गाण्यागणिक आणि देशागणिक बदलतं.

आणि त्याचा सगळा पैसा काही स्वतःच्या गाण्यांतून आला नाही. १९८५ मध्ये त्यानं एटीव्ही हा गाण्यांच्या हक्कांचा संग्रह ४ कोटी ७५ लाख डॉलरला घेतला. बीटल्सची बहुतेक गाणी त्यात होती. दहा वर्षांनी तो सोनीच्या संग्रहात मिसळून अर्धी भागीदारी झाली. २०१६ मध्ये इस्टेटीनं तो अर्धा वाटा सोनीला ७५ कोटी डॉलरला विकला. मरताना त्याच्यावर पन्नास कोटींच्या आसपास कर्ज होतं. इस्टेटीच्या गंगाजळीत या विक्रीनं मोठी भर पडली. तुम्ही-आम्ही एखादं गाणं ऐकलं काय आणि नाही काय, या व्यवहाराचा त्यानं केसही हलला नसता.

२०१९ च्या सुरुवातीला आलेल्या चार तासांच्या माहितीपटात वेड रॉबसन आणि जेम्स सेफचक यांनी लहानपणी आपल्यावर अत्याचार झाल्याचं सविस्तर सांगितलं. रॉबसन २००५ मध्ये बचाव पक्षाचा पहिला साक्षीदार होता आणि तेव्हा त्यानं शपथेवर नेमकं उलट सांगितलं होतं. इस्टेट याच गोष्टीवर बोट ठेवते आणि सगळे आरोप साफ नाकारते. अत्याचार झालेली मुलं वर्षानुवर्षं नाकारत राहतात, हेही या क्षेत्रात काम करणाऱ्यांना नवीन नाही. साक्ष बदलणं म्हणजे पुरावा कमकुवत होणं खरंच; खोटेपणा सिद्ध होणं मात्र नव्हे.

इस्टेटीनं या माहितीपटाला उत्तर कसं दिलं, ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत मृत माणसाच्या बदनामीचा दावा लावता येत नाही. (आपल्याकडे फौजदारी कायद्यात कुटुंबीयांच्या भावनांसाठी तशी थोडी फट आहे.) मग वकिलांनी १९९२ च्या एका मैफिलीच्या प्रक्षेपणाचा करार शोधून काढला. तो करार माहितीपट दाखवणाऱ्या एचबीओ वाहिनीशीच झाला होता, आणि त्यात वाहिनीनं त्याची निंदा करू नये असं कलम होतं. त्या आधारावर दहा कोटी डॉलरची मागणी झाली, आणि डिसेंबर २०२० मध्ये अपील न्यायालयानं प्रकरण लवादाकडे जाऊ दिलं. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या गाण्याच्या कार्यक्रमाचा कागद माहितीपटाविरुद्ध उभा राहिला. ब्रॉडवेवर फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेलं त्याच्यावरचं संगीत नाटक १९९२ च्या दौऱ्याच्या तालमीत घडतं. म्हणजे गोष्ट पहिल्या आरोपाच्या वर्षभर आधी संपते. तारीख निवडणारे काय निवडत होते, हे वेगळं सांगायला नको.

रॉबसन आणि सेफचक यांचे दावे २०१३ आणि २०१४ चे. आधी ते मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळले गेले, कारण तेव्हाच्या नियमात वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंतच दावा लावता येत होता. १ जानेवारी २०२० पासून कॅलिफोर्नियानं ही मर्यादा चाळिशीपर्यंत नेली आणि दावे परत उठले. मग अडचण दुसरी. प्रतिवादी आता माणूस नाही, त्याच्या दोन कंपन्या आहेत. खालच्या न्यायालयाचं म्हणणं पडलं की या कंपन्यांचा एकमेव मालक तोच होता. नोकर मालकाला कसा अडवणार? ऑगस्ट २०२३ मध्ये अपील न्यायालयानं हे उलटवलं. अत्याचार करणाराच एकटा मालक आहे एवढ्या कारणानं कंपनीची मुलांचं रक्षण करण्याची जबाबदारी सुटत नाही, असं त्यांनी म्हटलं. आरोप खरे की खोटे यावर त्यांनी मत दिलं नाही, ते काम ज्यूरीचं.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद हाच. गेली तीस वर्षं ‘त्यानं केलं की नाही’ यावर भांडणं झाली, आणि फौजदारी न्यायालयात तो प्रश्न आता कधीच सुटणार नाही, आरोपीच हयात नाही. दिवाणी ज्यूरीपुढचा प्रश्न निराळा असतो. तिथे बारापैकी नऊ जणांचं मत पुरतं, आणि पारडं थोडं जरी झुकलं तरी चालतं. मुलांच्या विमानाची तिकिटं कुणी काढली, हॉटेलात खोल्या कुणी दिल्या, कोणत्या पगारी माणसाला काय दिसलं आणि त्यानं ते कुणाला कळवलं, या गोष्टी तिथे एकेक करून विचारता येतात.