भाषणातले शब्द मोजताना

विषय छापलाय 'नेत्याचा अग्रक्रम त्याच्या शब्दांतून कसा ओळखावा'. तिकडे येतोच, पण आधी एक तक्रार. हल्ली भाषण संगणकात टाकायचं, शब्दांचा रंगीत ढग काढायचा आणि जाहीर करायचं की साहेबांनी शेतकरी चारदाच उच्चारला. 'शेतकऱ्यांना', 'शेतकऱ्यांसाठी', 'शेतकऱ्याच्या' हे कुठे गेले? प्रत्यय लागायच्या आधी आपल्याकडे सामान्यरूप होतं, 'री'चा 'ऱ्या' होतो आणि शब्द शोधातून निसटतो. म्हणून नुसतं 'शेतक' शोधा. त्यात 'शेतकी' येईल, ते हाताने बाजूला काढा. पाण्यासाठी 'पाण' शोधलंत तर 'पाणलोट' येतं, ते ठेवा; 'पाणबुडी' काढा. 'लोक' शोधलंत तर लोकसभा, लोकशाही आणि लोकल. (हसले ते मुंबईकर, कळलं.)

शिवाय 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: वेगळ्या 'ऱ'पासून, किंवा साध्या 'र'ला हलन्त देऊन मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणक दोन शब्द धरतो आणि दोन्हींचा आकडा उतरतो. यादीच्या माथ्यावर 'आहे', 'आणि' असतातच, ते गाळा. अर्थसंकल्पाच्या भाषणातून 'अध्यक्ष महोदय'ही गाळा, नाहीतर अर्थमंत्र्यांना राज्यापेक्षा अध्यक्षांचीच काळजी जास्त, असं निघायचं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मूळ मुद्दा.

आकडा नेहमी दर हजार शब्दांमागे काढा. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन, त्यांचं 4 मार्च 1861चं शपथविधीचं भाषण साधारण 3600 शब्दांचं. त्यात 'युनियन', म्हणजे राज्यांचा संघ, वीसेक वेळा; 'नेशन', म्हणजे राष्ट्र, एकदाही नाही. सात राज्यं फुटून निघाली होती, संघ टिकवणं हीच चिंता. 19 नोव्हेंबर 1863ला त्यांच्याच गेटिसबर्गच्या भाषणात 'नेशन' पाचदा आणि 'युनियन' शून्य. रूढ संहिता 272 शब्दांची, म्हणजे हजारी 18. आधीच्या 'युनियन'चा दर साडेपाच. पण या 18वर उड्या मारू नका. इतक्या छोट्या भाषणात एक शब्द इकडेतिकडे झाला की दर जवळजवळ चारने हलतो. तिथे भरवसा ठेवायचा तो एक शब्द आला आणि दुसरा गेला, एवढ्यावरच.

दुसरं, नामाशेजारचं क्रियापद बघा. 'तरतूद केली आहे', 'प्रस्तावित आहे', 'विचाराधीन आहे': धरण तेच, पण पैसा दर पायरीला लांब जातो. तिघांची मोजणी वेगळी ठेवा. खरा अग्रक्रम पहिल्या रकान्यात सापडतो, हे माझं ठाम मत.

तिसरं, 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही रस्ते बांधले', पण 'आपण पाणी जपून वापरू या'. श्रेय कुणाचं आणि काम कुणाचं, सर्वनामात दिसतं. आदरार्थी 'आपण' मात्र चाळून काढावा लागतो.

तुलना एकाच प्रसंगाची करा: 15 ऑगस्टची मागच्या 15 ऑगस्टशी, प्रचारसभेशी नको. आणि बरेच परिच्छेद खात्यांकडून तयार येतात, ते नेत्याच्या खात्यावर मांडू नका. छापील प्रत समोर घेऊन चित्रफीत ऐका; नेत्याने कागद सोडला तिथे खूण करा आणि ते शब्द वेगळे मोजा. प्रश्न असतील तर घेतो, हॉल आठला रिकामा करायचाय.