खरा ठसा, भलता चमचा

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय आहे इंग्लंडमधले चांदीचे जुने काटे-चमचे. लंडनच्या पोर्टोबेलो रस्त्यावर किंवा घरबसल्या लिलावात 'जॉर्ज राजांच्या काळातले' म्हणून विकतात ना, तेच. तिकडे राहणारी तुमची लेक किंवा भाचा असला एखादा चमचा भेट म्हणून आणणार असेल, तर जरा कान देऊन ऐका.

हॉलमार्क म्हणजे काय हे सोन्यामुळे तुम्हाला ठाऊकच आहे. इंग्लंडच्या चांदीवर चालता सिंह असतो, म्हणजे हजारात 925 भाग शुद्ध चांदी. बिबट्याचं मुंडकं म्हणजे लंडन, एक अक्षर म्हणजे वर्ष, आणि शेजारी कारागिराची आद्याक्षरं. खोटा ठसा भिंगाखाली बहुतेकदा पकडता येतो. घात करतो तो खरा ठसा, भलत्या अंगावर बसलेला. पुन्हा सांगतो, ठसा खरा आणि अंग भलतं.

हे कसं घडतं, त्याची एक झकास गोष्ट आहे. 1 जून 1720 पासून इंग्लंडमध्ये चांदीच्या वस्तूंवर कर आला, औंसाला सहा पेन्स. आता समजा, एका कारागिराकडे 80 औंसांची सुरई आहे, म्हणजे जवळजवळ अडीच किलो. कर झाला 480 पेन्स. बारा पेन्सचा शिलिंग, म्हणजे 40 शिलिंग, रोख दोन पौंड! तो काळ लक्षात घ्या. मग हा गडी काय करतो? दोन औंसांची एक किरकोळ तबकडी घडवतो आणि ती गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये तपासायला पाठवतो. तिचा कर एक शिलिंग. तबकडी ठसे घेऊन परत येते. हा ठशांपुरता तुकडा कातरतो, सुरईच्या बुडाला झाळून बसवतो, कानशीनं सांधा साफ करतो. झालं! 39 शिलिंग खिशात.

मौज अशी, की सुरईची चांदी बहुधा चोख असे. गिऱ्हाइकाला काहीच तोटा नाही, फसला तो फक्त राजा. आणि हे भुरटे कारागीर होते असं समजू नका. पॉल द लामेरी म्हणजे त्या शतकातलं लंडनचं सर्वांत मोठं नाव, पण त्याच्या कामातसुद्धा असे कर चुकवलेले नग निघाले आहेत. (कर वजनावर लावला की लोक वजन लपवणार. हे सरकार नावाच्या प्राण्याला तीनशे वर्षांत कळलेलं नाही, पण तो विषय वेगळा.) शेवटी 1758 मध्ये कर उठला. त्याजागी परवाना आला, वर्षाला 40 शिलिंग. म्हणजे आपल्या त्या एका सुरईचा कर! त्याच कायद्यानं ठसा एका वस्तूवरून दुसरीवर नेणाऱ्याला फाशी ठरवली. पुढे 1773 मध्ये फाशीऐवजी 14 वर्षांची हद्दपारी आली.

बरं, कर गेला, पण कला राहिली. पुढच्या लबाडांनी जुन्या चमच्यांना हात घातला. झिजलेल्या चमच्याला भाव नाही, पण त्याच्या दांडीवरचे ठसे अस्सल. ते कापायचे आणि दुधाच्या बुटक्या भांड्याच्या बुडाला बसवायचे. तिथे चोरी अशी दिसते: चमच्याच्या दांडीवर जागा अरुंद, म्हणून ठसे एका ओळीत, दाटीनं, थोडे चेपलेले असतात. भांड्याच्या बुडाला ऐसपैस जागा असताना कोण कशाला ओळीत ठसे मारील?

आता काट्यांकडे येऊ. अठराव्या शतकातले चमचे भरपूर उरले, काटे कमी, आणि बारा काट्यांच्या संचाला किंमत जबर. म्हणून चमच्याचा काटा करतात. चमच्याची वाटी ठोकून सपाट करायची आणि तीन दाते कापायचे. पण वाटीचा पत्रा पातळ, म्हणून दातेही पातळ. अंगठ्यानं हलकेच दाबा, लवले तर संशय घ्या. मग काटा उलटा करा. चमच्याच्या वाटीमागे, दांडी जुळते तिथे, थेंबासारखा उंचवटा असतो. त्याचा माग काट्याच्या पाठीवर उरलेला दिसतो. साधारण 1780 पर्यंत ठसे वाटीजवळच मारत, त्यामुळे ठोकताना तेही ताणले जातात. सिंह लांबुळका होतो, बिबट्याचा चेहरा पसरतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे नवे दाते दांडीला झाळायचे. त्यावर उपाय अगदी घरगुती. चष्म्याची काच पुसताना करतो तसं 'हाऽऽ' करून सांध्यावर वाफ सोडा. झाळकामाच्या डागात चांदी कमी, इतर धातू जास्त. वाफ उडून जाताना तिथे पिवळट किंवा करडी रेघ उमटते. फक्त वरून चांदीचा नवा मुलामा चढवला असेल, तर रेघ झाकली जाते. पण मग रंग पांढराफटक दिसतो, जुन्या चांदीची निळसर झाक जाते. आणि कृपा करून चांदी त्या बुडवून काढायच्या द्रावणात टाकू नका. त्यानं नक्षीतला काळेपणा जातो आणि वस्तू कथलासारखी दिसते.

ओतीव नकलांबद्दल थोडक्यात. खऱ्या चमच्यावरून साचा केला की ठसेही त्यासोबत ओतले जातात. भिंगाखाली कडा मऊ, बुडाशी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं. शिवाय सहाही चमच्यांवर ठशांची तीच तिरपी, तेच अंतर. हातानं एकेक ठसा मारलेल्या चमच्यांत असं होत नाही.

राजाच्या मुंडक्याचा ठसा आठवणीत ठेवा. 1784 मध्ये चांदीवरचा कर परत आला, आणि तो भरल्याची ही खूण. तो 1 डिसेंबर 1784 पासून 1890 पर्यंतचा. वर्षाचं अक्षर 1770 चं आणि शेजारी राजाचं मुंडकं, तर तो नग खालीच ठेवा.

राहिले फळांची नक्षी असलेले 'बेरी स्पून'. साधे जॉर्जियन चमचे, त्यांवर व्हिक्टोरिया राणीच्या काळात फळं उठवली, वाटीला सोनेरी मुलामा दिला. मला त्यांचा राग नाही, साखरभातालाही शोभतील. पण ठसा 1790 चा आणि नक्षी नंतरची, तेव्हा किंमत त्या नक्षीच्या काळाचीच द्या.

मोठी रक्कम गुंतली असेल, तर दहापट भिंग जवळ ठेवा. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कंपनीची अँटिक प्लेट कमिटी 1939 पासून संशयित नग तपासते. आणि दुकानात चमच्यावर वाफ सोडताना लाजू नका. दुकानदार कुरकुरला, तर चमचा त्याच्या मखमलीवर परत ठेवा.

नमस्कार.