मशीन आलं, पण सिरिंज कुठली आणली?

नमस्कार मंडळी. शुगरचं मशीन म्हणजे ग्लुकोमीटर आता बऱ्याच घरी असतो, पण त्याच्या आजूबाजूच्या बारीकसारीक वस्तूंकडे कुणी नीट बघत नाही आणि खरा घोळ तिथेच होतो. मी मेडिकल चालवते, काउंटरवर रोज हेच दिसतं म्हणून आज मुद्दाम बोलतेय.

आधी सिरिंजबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट, आणि पेनमधलं इन्सुलिन बहुतेक वेळा १०० चं. बाटल्याही १०० च्या मिळतात, त्यामुळे लेबल वाचायलाच लागतं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. आता समजा डॉक्टरांनी २० युनिट सांगितलेत, बाटली ४० ची आहे आणि घाईत केशरी टोपणाची सिरिंज घेतली, तर २० च्या रेघेपर्यंत भरलं तरी पोटात जातात फक्त ८ युनिट! उलटं झालं तर त्याहून वाईट, १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं की ५० युनिट जातात, माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून दुकानात जाताना रिकामी बाटली सोबत न्या आणि "इन्सुलिनची सिरिंज द्या" एवढंच म्हणू नका, आकडा सांगा.

मशीनचं म्हणाल तर बोट टोचण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करा. मे महिन्यात आंबा खाऊन नुसता रुमालाला हात पुसला आणि टेस्ट केली तर बोटावरची साखरच मोजली जाते, आकडा बघून घरभर घबराट. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही, तिथे जास्त दुखतं. आणि स्ट्रिपच्या, म्हणजे रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांच्या, डबीचं झाकण लगेच लावा, कोकणात पावसाळ्यात तर नक्कीच, दमट हवेने स्ट्रिप खराब होतात.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये, पण फ्रीजरमध्ये कधीच नाही, एकदा गोठलं की ते फेकायचंच. जिथे लाइटचा भरवसा नाही तिथे मातीचं भांडं चांगलं काम करतं. मोठ्या कुंडीत ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात कोरड्या डब्यात इन्सुलिन, वर ओलं फडकं, आणि हे सगळं सावलीत, वारा लागेल तिथे. अकोला-जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालतं, समुद्राकाठी दमट हवेत तेवढं गार होत नाही.

खिशात ग्लुकोज पावडरची पुडी हवीच. शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे पाण्यात घालून घ्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना.

पायांना मुंग्या येत असतील किंवा स्पर्श कळत नसेल तर एमसीआरची (म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची), मागे पट्टा असलेली चप्पल घ्या, अंगठ्याची नको. देवळात उन्हात तापलेल्या फरशीवर चालायचं असेल तर जाड मोजे घाला, कारण भाजलेलं त्या माणसाला कळतच नाही, फोड दिसतो दुसऱ्या दिवशी. तळवा बघायला एक छोटा आरसा पुरतो.

आणि वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून, झाकण घट्ट लावून, त्यावर "सुया" लिहून वेगळ्या द्या. कचरा उचलणाऱ्या ताई हातानेच पिशवी दाबतात हो.