मोटरहोमच्या छतावर सोलर पॅनल: पकड नेमकी कशात?

(दृश्य: हमरस्त्यावर वेगात जाणारं मोटरहोम. छतावर दोन काळी पॅनल.)

शंभर वॉटचं काचेचं पॅनल साधारण एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि सात-आठ किलो वजनाचं असतं. एवढं ओझं छताला जड नाही. खरी परीक्षा गाडी धावू लागल्यावर होते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरला तो दर चौरस मीटरवर सुमारे ४८ किलो भरतो. त्यात समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा आला, की तोच आकडा ९० च्या पुढे जातो. यातला किती दाब पॅनलला वर उचलतो हे त्याच्या जागेवर आणि कोनावर ठरतं, पण हिशेब पूर्ण दाबाचाच करावा. म्हणजे अर्ध्या चौरस मीटरच्या पॅनलमागे जवळपास ४७ किलोची ओढ. शिवाय रस्त्याची थरथर आहेच.

ही ओढ पॅनलच्या फ्रेममधून ब्रॅकेटमध्ये, तिथून स्क्रूमध्ये आणि शेवटी छतात उतरते. या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी बहुतेक वेळा छतच असतं.

(दृश्य: छताचा कापलेला तुकडा, थर दिसतील असा.)

वर ईपीडीएम किंवा टीपीओ रबराचं आवरण, त्याखाली पातळ प्लायवूड, मग फोम, आणि ठरावीक अंतरावर लाकडाचे किंवा ॲल्युमिनियमचे वासे. नुसत्या प्लायवूडमध्ये बसवलेला स्क्रू हाताला घट्ट लागतो, पण थरथरीने त्याचं भोक हळूहळू मोठं होत जातं. स्क्रू वाशातच गेला पाहिजे.

वासे शोधायला आतून सुरुवात करा. छतातल्या पंख्याची किंवा दिव्याची आतली चौकट काढली, की वासे कोणत्या दिशेने जातात ते दिसतं. मग वरून लोहचुंबक फिरवा. जुन्या स्क्रूंची डोकी एका रेषेत सापडली, की वासा सापडला. छतावर वावरताना गुडघ्याखाली प्लायवूडची फळी ठेवा, भार पसरतो.

वाशांमधलं अंतर पॅनलच्या भोकांशी क्वचितच जुळतं. अशा वेळी भोकं जुळवायला ब्रॅकेट वाशावरून सरकवू नका. दोन-तीन वाशांवर आडवी जाईल अशी ॲल्युमिनियमची रेल बसवा आणि पॅनल त्या रेलवर घ्या. काम थोडं वाढतं, पण आमच्या मते हाच सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे.

नुसत्या चिकट टेपने किंवा गोंदाने काम भागेल का? फायबरग्लास किंवा रंगवलेल्या धातूच्या छतावर भागू शकतं. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, टेप पूर्ण जोर देऊन दाबायची आणि गाडी तीन दिवस उभी ठेवायची, कारण व्हीएचबीसारख्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या मजबूत टेपला पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात. पॉलियुरेथेन गोंद वापरत असाल तर तो दाबून पार बाहेर काढू नका. दोन-तीन मिलिमीटरचा थर मध्ये राहिला, तरच तो थरथर झेलतो. रबरी छतावर मात्र हा मार्ग नको. टेप रबराला घट्ट धरेल, पण ते रबर खालच्या प्लायवूडला फक्त चिकटवलेलं असतं. जोराच्या ओढीत आवरणच सुटून वर येतं.

(दृश्य: ड्रिलच्या पात्यावर गुंडाळलेली रंगीत टेप.)

पाच मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्क्रूसाठी आधी तीन मिलिमीटरचं भोक. पात्यावर टेप गुंडाळून खोलीची खूण करा, नाहीतर पातं आतल्या छतातून किंवा वायरमधून आरपार जातं. लाकडात किमान २५ मिलिमीटर पकड हवी. शेवटचे वेढे हाताने द्या. मशीनने आवळताना स्क्रू जागच्या जागी फिरू लागला, तर लाकडातली आटी गेली. ते भोक सीलंटने बुजवा आणि त्याच वाशावर थोडं पुढे नवं पाडा. वासा पोकळ ॲल्युमिनियमचा असेल तर साधा स्क्रू टिकत नाही, तिथे रिव्हेट नट लागतो, म्हणजे भोकात आतून फुगून घट्ट बसणारा आटीचा नट.

आता पाणी. ब्रॅकेटच्या पायाखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबराची पट्टी, ठेवा आणि स्क्रू तिच्यातूनच जाऊ द्या. आवळल्यावर ती चारही बाजूंनी थोडी बाहेर आली पाहिजे. दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा हलकेच आवळा, कारण ब्यूटाइल दबून सैल जागा सोडतं. त्यानंतर पाया आणि स्क्रूची डोकी आपोआप पसरणाऱ्या लॅप सीलंटखाली, म्हणजे छताचे सांधे बुजवायच्या पेस्टखाली, पूर्ण झाका. उभ्या किंवा उतरत्या भागासाठी न ओघळणारा प्रकार घ्या. ईपीडीएमवर पेट्रोलियमयुक्त सीलंट किंवा क्लीनर लावू नका, रबर फुगतं.

पॅनलच्या फ्रेमला कंपनीने दिलेलीच भोकं वापरा. लहान पॅनलला चार ब्रॅकेट पुरतात, मोठ्याला सहा. सहा मिलिमीटरचा स्टेनलेस बोल्ट, दोन्ही बाजूंना वायसर आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला. साधा नट थरथरीने सुटतो. फ्रेममध्ये नवं भोक पाडताना पातं काचेच्या कडेला टेकलं, तर टफन्ड काच सगळीच्या सगळी तडकते.

पॅनल आणि छत यांच्यात तीन ते पाच सेंटिमीटर हवा खेळती राहू द्या. सिलिकॉन पॅनलची ताकद दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. पॅनल २५ वरून ६५ अंशांवर गेलं, तर १२ ते १६ टक्के वीज उन्हातच जाते. अंतर याहून वाढवू नका, वाऱ्याला आत शिरायला तेवढीच वाट मिळते. पुढची कडा छताच्या टोकापासून मागे घ्या आणि एसीची सावली पॅनलवर पडणार नाही असं पाहा.

(दृश्य: केबल ग्लँड, तोंड गाडीच्या मागच्या बाजूला.)

वायर छतातून ग्लँडमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या टोपीतून, आत नेताना तिचं तोंड मागे ठेवा, म्हणजे धावताना पाऊस आत ढकलला जात नाही. वायर मोकळी फडफडू देऊ नका, साधारण दर ३० सेंटिमीटरला क्लिप लावा. जोडणी करताना चार्ज कंट्रोलरला, म्हणजे पॅनलकडून बॅटरीत जाणारी वीज आवरणाऱ्या यंत्राला, आधी बॅटरी, मग पॅनल. तोवर पॅनलवर जाड कापड टाकून ठेवा. शिडीवरून उतरण्याआधी गाडीची नवी उंची मोजून चालकाच्या समोर लिहा.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पान्याने तपासा. पुढे दर सहा महिन्यांनी. लॅप सीलंटला तडा दिसला, पण कडा घट्ट असतील, तर जागा स्वच्छ करून त्यावरच नवा थर द्या. कुणी आधी सिलिकॉन सीलंट लावून ठेवलं असेल तर ते आधी खरवडून पूर्ण काढावं लागेल, त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही.