पायाळूचा पाय लावण्याआधी

रामराम मंडळी. कापसाची वेचणी जोरात आहे, सुरुवातीची सीतादहीची पूजा कधीची होऊन गेली, आणि दिवसभर वाकून ओटी भरणाऱ्या बायांची पाठ संध्याकाळी काय म्हणते ते मी सांगायची गरज नाही. आज पाठीवरच बोलणार आहे, पण वेचणीच्या पाठदुखीवर नाही. वजन उचललं नाही, पडलो नाही, लचकलो नाही, तरी दुखते अन् दुखतच राहते, त्या पाठीवर.

मी पायाळू आहे. जन्मताना पाय आधी आले, म्हणून उसण भरली की लोक माझ्याकडे यायचे. सहा वर्षांची असल्यापासून. सपरीत पोतं टाकायचं, माणूस पालथा झोपायचा, आणि मी कमरेवर तीनदा पाय लावायचा. बऱ्याच जणांना बरं वाटायचं, कारण साधी उसण चार-आठ दिवसात तशीही उतरतेच, पाय लावा नाहीतर नका लावू, हे मला पुढे नर्सिंग शिकल्यावर समजलं.

तर माझी मोठीआई, म्हणजे मोठी काकू. ही गोष्ट 1986 ची, मी बारावीला होते. मोठीआई रोज दिवेलागणीला यायची, "पोरी, लाव वो बाप्पा पाय, लय दुखते." मी लावायची. आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला. दुखणं काही हटेना. उलट रात्री जास्त. सगळे झोपले की ती भिंतीला टेकून बसून राहायची, आडवं झालं की ठणकायचं म्हणून. संध्याकाळी अंगात बारीक तापाची कसर असायची, भाकर अर्धी टाकून उठायची. चोळी एवढी सैल झाली होती की ती खांद्यावरून सारखी ओढून घ्यायची, ते ओढणं अजून माझ्या डोळ्यापुढे आहे. घरात सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळे म्हणाले, वेचणीनं वाळली.

एका संध्याकाळी पाय ठेवला आणि टाचेला काहीतरी टोचलं. पाठीच्या बरोबर मधोमध, कमरेच्या जरा वर, मणक्यावर बोराएवढा उंचवटा. मी खाली बसून बोटानं पाहिलं. म्हटलं, मोठेआई, हे काय हाये? तर म्हणते, "हाड हाये बाई, वाळली न मी." मी त्या दिवशी पाय लावला नाही. घरात सांगितलं. मोठे बाबा म्हणाले, कापूस निघू दे मग पाहू.

कापूस निघेपर्यंत तिच्या पायातली चप्पल निसटायला लागली. चालता चालता मागे राहून जायची अन् तिला पत्ताच नसायचा, आम्ही पोरं मागून उचलून आणायचो. मग एक दिवस विहिरीवरून उठताच येईना, पाय भरून आले म्हणाली. तेव्हा कुठं बैलगाडीत घालून रोडपर्यंत नेलं, तिथून एसटीनं नागपूर.

एक्स-रे काढला, दोन मणके झिजून एकमेकांवर बसलेले. मणक्याचा टीबी. कागदावर पॉट्स स्पाइन लिहिलं होतं, 1779 मध्ये पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्रज सर्जननं या दुखण्याचं वर्णन केलं त्याच्यावरून ते नाव. खोकला नव्हता तिला, एक दिवस नव्हता, म्हणून टीबी कुणाच्या मनातच आला नाही. टीबी हाडात होतो, मणक्यात होतो, खोकल्याशिवाय होतो, हे परत सांगते, खोकल्याशिवाय होतो. आणि त्याच मणक्यावर मी महिनाभर पाय देत होते. आधीच पोखरलेला मणका, तो दाबला जाऊन मज्जारज्जूला धक्का बसू शकला असता. त्या दिवसापासून मी कुणाच्या पाठीवर पाय ठेवला नाही.

दीड वर्ष गोळ्या चालल्या. चौथ्या-पाचव्या महिन्यात ती काठी धरून अंगणात आली. उंचवटा राहिला, पण बाई चालली, नातवांना कडेवर घेतलं तिनं.

आता थोडक्यात. पाठ दुखणाऱ्या बहुतेकांचं दुखणं स्नायूचं असतं, चार ते सहा आठवड्यात बरं होतं. शेका, चालतं-फिरतं राहा, दोन दिवसांच्या वर बिछाना धरू नका. पण सहा आठवडे झाले तरी दुखतं, रात्री झोपेतून उठवतं, सोबत बारीक ताप आहे, वजन उतरतंय, मणक्यावर एकाच जागी दाबलं की कळ येते, यातलं एक जरी असेल तर डॉक्टर. आधी कधी कॅन्सर झालेला असेल तर सहा आठवडेही थांबू नका. म्हातारी माणसं नुसती घसरून पडली आणि पाठ धरली, तरी एक्स-रे काढा, हाडं ठिसूळ झालेली असतात. बरगडीखालून जांघेकडे कळ उतरते अन् लघवीला त्रास, तो बहुतेक खडा.

आणि आपल्या विदर्भातलं खास, सिकलसेल, आईबापाकडून येणारं रक्ताचं दुखणं. पोरगं अधूनमधून पाठ-हातपाय दुखतात म्हणून रडतं, डोळे पिवळे दिसतात, शाळेला जायचा कंटाळा म्हणून त्याला रागावू नका, रक्त तपासा.

लघवी अडली, किंवा कळत न कळत होते, बसायच्या जागी बधिर झालं, पायातलं बळ गेलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच रात्री, 108 लावा. परत सांगते. लघवी, बधिरपणा, पायाचं बळ, त्याच रात्री.

एक मनातलं बोलते, राग नका मानू. तंबाखूच्या खर्र्याला रोजचे पैसे निघतात, आणि बाईच्या एक्स-रेला सोयाबीन विकेपर्यंत थांबायचं, हे मला चाळीस वर्षं पाहवलं नाही. आणि दुखण्यावरच्या औषधाच्या त्या पुड्या, ज्या घेतल्या की तासाभरात माणूस उडी मारतो, त्यात स्टेरॉइड असतं पुष्कळदा, त्यानं दुखणं झाकतं आणि हाड आतून कमजोर होतं.

टीबी निघालाच तर घाबरायचं नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, हाडाच्या टीबीला साधारण वर्षभर किंवा जास्त घ्यावं लागतं, मधात सोडायचं नाही. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार देते ते पैसे 2018 मध्ये महिन्याला 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले, ते खात्यात येतात, मागून घ्या. फुप्फुसात टीबी नसेल तर नुसता मणक्याचा टीबी दुसऱ्याला लागत नाही, ताट वेगळं करू नका. मोठीआईचं ताट आमच्याकडे वेगळं केलं होतं, ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

पायाळू म्हणून लोक अजून येतात माझ्याकडे. मी आधी खाटेवर बसवते आणि विचारते, रात्री उठवते का, ताप येते का, पायात बळ हाये का. परवा शेजारच्या गावचा एक ऑटोवाला आला, अडीच महिने झाले म्हणे दुखणं, पहिल्या दोन प्रश्नांना हो म्हणाला. त्याच्याच ऑटोत बसून मी त्याला आरोग्य केंद्रात घेऊन गेले. रक्त दिलं, एमआरआयसाठी वर्ध्याची चिठ्ठी मिळाली, सोमवारी जायचं आहे. त्याची बायको सोबत येते म्हणाली.