टेकू काय म्हणतोय

संयोजकांनी विषय दिलाय ‘अभियंता आणि नेतृत्व’. आमच्या सांगलीकडे नेता म्हणजे चौकातल्या फ्लेक्सवरचा माणूस, त्यामुळे तो शब्द माझ्या तोंडी बसत नाही. साईटवर शब्द एकच, साहेब. साहेब कुणाला म्हणावं याबद्दल माझं मत कसकसं बदललं, तेवढं सांगतो.

चोविसाव्या वर्षी साईटवर गेलो तेव्हा समजूत पक्की होती. ज्याचा आवाज मोठा तो साहेब. कुणाला काही विचारलं की किंमत गेली.

एका गोदामाच्या स्लॅबचं काँक्रीट चालू होतं. रात्रीचे साडेअकरा. जाडी 150 मिलिमीटर. ओलं काँक्रीट घनमीटरला साधारण अडीच टन, म्हणजे चौरस मीटरला पावणेचारशे किलो. वरची माणसं, व्हायब्रेटर वेगळे. हा सगळा भार टेकूंवर, टेकू फळ्यांवर आणि फळ्या भरावाच्या मातीवर. दोन दिवस पाऊस पडून गेला होता. खाली सेंटरिंगचे, म्हणजे काँक्रीट आळेपर्यंत तोलून धरणाऱ्या फळ्या-टेकूंचे, म्हातारे सुतार होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. हातोडीनं एकेक टेकू वाजवत फिरायचे. भार घेतलेला टेकू टणटणीत वाजतो, खालची फळी दबून सुटलेला बद्द वाजतो. मामा वर येऊन म्हणाले, “साहेब, त्या कोपऱ्यातले चार टेकू बोलेनात. जरा थांबवा, पाचरी मारून घेतो.”

पंधरा-वीस मिनिटांचं काम. पण सगळ्यांसमोर थांबायचं? मी म्हटलं, “मामा, खालचं तुम्ही बघा, वरचं मी बघतो.”

पाऊण तासानं तो कोपरा चार बोटं बसला. खाली कुणी नव्हतं. मामांनी आपली माणसं आधीच बाहेर काढली होती, मला न विचारता. दुसऱ्या दिवशी अहवालात मी लिहिलं, ‘सेंटरिंग सदोष’. लिहिलं इंग्रजीत, मामांना वाचता येत नव्हतं. त्यांची मजुरी कापली गेली. त्या रात्री साईटवर साहेब कोण होतं, हा प्रश्न मला पडायला बरीच वर्षं लागली.

मधली दहाएक वर्षं माझं दुसरंच मत होतं. ज्याला सगळ्यांपेक्षा जास्त येतं तो साहेब. कोड, म्हणजे बांधकामाच्या नियमांची पुस्तकं, तोंडपाठ केले, डिझाईनवाल्यांशी भांडायला शिकलो. मग कधीतरी कॅनडातल्या क्वेबेक पुलाची हकीकत वाचली आणि तेही मत ढिलं झालं.

थिओडोर कूपर हा त्या काळी अमेरिकेतल्या पुलांच्या कामातला सर्वांत मानाचा माणूस. त्याच्या शब्दापुढे कुणी जात नसे. त्यानं मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, 1600 फुटांवरून 1800 फुटांवर नेला, आणि वाढलेलं वजन पुन्हा नीट हिशोबात धरलं गेलं नाही. प्रकृतीमुळे तो न्यूयॉर्कमध्ये बसून काम बघायचा. 1907 च्या ऑगस्टमध्ये खालच्या, दाब सोसणाऱ्या एका भागाला पाऊण इंच बाक दिसला; दोन आठवड्यांत तो सव्वादोन इंच झाला. कारखान्यातूनच वाकडा आला असेल, असं म्हणणारे निघाले. (असे लोक प्रत्येक साईटवर असतात. मीही होतो.) नॉर्मन मॅक्ल्युअर हा कूपरचा साईटवरचा तरुण अभियंता. तो स्वतः न्यूयॉर्कला गेला. कूपरला धोका लगेच कळला, त्यानं तार केली की पुलावर आणखी भार टाकू नका. पण तार केली साईटवर नाही, पूल बांधणाऱ्या पेनसिल्व्हेनियातल्या कंपनीला. पुलावर काम चालूच राहिलं. 29 ऑगस्टला, सुट्टी व्हायच्या थोडं आधी पूल नदीत गेला. वर 86 माणसं होती, 75 गेली. त्यातली 33 कानावाके गावची, मोहॉक या तिथल्या मूळ रहिवासी जमातीची होती. एका वस्तीतली एवढी माणसं एका संध्याकाळी.

कॅनडातले अभियंते करंगळीत लोखंडी अंगठी घालतात. 1925 पासूनची रीत. पहिल्या अंगठ्या त्याच पुलाच्या लोखंडाच्या, असं सांगतात. ती दंतकथा आहे. मला अंगठीपेक्षा तो रेल्वेनं न्यूयॉर्कला निघालेला मॅक्ल्युअर जास्त आठवतो. बाक डोळ्यांनी बघितलेला माणूस साईटवर होता, काम थांबवायचा अधिकार तिथं कुणाकडेच नव्हता.

मी प्रकल्पप्रमुख झाल्यावर नियम केला: काँक्रीट चालू असताना कुणीही ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं, कारण नंतर विचारायचं. बोलायला सोपं. गेल्या पावसाळ्याआधी एका शिकाऊ मुलीनं काम थांबवलं. तिला एक टेकू तिरका वाटला. ओळंबा लावला, टेकू सरळ. तोवर तीन गाड्या काँक्रीट आळायला आलं, फेकावं लागलं. सकाळच्या बैठकीत सगळ्यांसमोर मी तिचे आभार मानले. पोटात मात्र संताप होता, आणि तिला तो माझ्या चेहऱ्यावर दिसला असणार. पुढे दोन महिने ती एकदाही काही बोलली नाही. मग एका रात्री बोलली, आणि त्या वेळी फळी खरंच दबत होती.

हल्ली स्लॅब असला की मीही खाली उतरून हातोडीनं टेकू वाजवतो. अजूनही मला फरक नीट कळत नाही. मग शेजारच्या सुताराला विचारतो, काय म्हणतोय.